वाळवीनं खाल्लेली मेंढरं

आमच्या बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या वर एक खिळा आहे. माझं लग्न झाल्यापासून त्या खिळ्यावर एक चित्र होतं. हिरव्यागार टेकड्या, मधून वाहणारा ओढा, ओढ्याकाठी पांढऱ्याशुभ्र मेंढ्या, झाडाखाली टोपी तोंडावर घेऊन पसरलेला एक मेंढपाळ, वर पांढरे ढग आणि लांब टेकडीवर धुराडं असलेलं एवढंसं घर. असली चित्रं तुम्हीपण पाहिली असतील. दातांच्या दवाखान्यात असतात, लॉजच्या काउंटरमागं असतात, आता तर पडद्यांवर आणि बाथरूमच्या फरश्यांवरसुद्धा छापून येतात. कुठल्या देशातली असतात देव जाणे. त्या देशात मेंढ्यांना रोज साबण लावून आंघोळ घालत असावेत आणि तिथल्या मेंढ्या लेंड्या टाकत नसाव्यात. मेंढपाळाला तर कामच नाही. आमच्याकडं मेंढरामागचं माणूस असं दुपारचं पसरलं तर निम्मा कळप दुसऱ्याच्या हरभऱ्यात जाईल आणि संध्याकाळी पारावर भांडण लागेल.

पण ते चित्र माझं होतं आणि त्याला नावं ठेवायचा हक्क फक्त मला होता. एकदा आमच्या नणंदेनं, “वहिनी, ही मेंढरं आहेत का सशाची पिल्लं?” असं विचारलं तर मी तिच्या चहात साखरच टाकली नाही. तिनं तो चहा गुपचूप प्यायला. तेव्हापासून आमच्या घरात त्या चित्रावर कुणी बोलत नाही.

ते आण्णांनी दिलेलं होतं. आण्णा म्हणजे माझे वडील. माझं माहेर भूमचं. कोरडवाहू रान, बांधावर चार बोरी, आणि पावसानं डोळे वटारले की सगळ्या गावाची नजर टँकरच्या वाटेकडं. लग्नाच्या आधीच्या बाजाराला आईनं आण्णांना पितळी हंडा आणायला पाठवलं आणि आण्णा काखेत काचेची फ्रेम घेऊन घरी आले. बाजारात फोटोवाल्याकडं सगळे देव होते, त्यात हे एकच चित्र बिनदेवाचं, म्हणून कुणी हात लावत नव्हतं. आईनं जो आवाज लावला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

“अवो, हंड्यात पानी तरी ऱ्हातं! ह्या वढ्याचं पानी कोन पिनार हाय?”

आण्णा म्हणाले, “पोरगी बघंल की. बघितलं की गार वाटतं.”

एवढंच बोलले. आण्णांचं बोलणं असंच असतं, लागेल तेवढं आणि त्यातलंही थोडं मागं ठेवून. हंडा शेवटी मामानं दिला. माझी पाठवणी झाली तेव्हा सगळ्या भांड्यांच्या वर, गोधडीत गुंडाळून, ती फ्रेम टेंपोतून बेंबळीला आली. मला निरोप देताना आण्णा टेंपोवाल्याला म्हणत होते, “काच हाय बरं का, जपून.” काचेपेक्षा मीच जास्त फुटायला आले होते, पण माझ्याविषयी टेंपोवाल्याला काही सांगितलं नाही.

आणि गार वाटायचं, खोटं कशाला बोलू! बेंबळीत चैत्र-वैशाखात लाईट गेली की पत्रे तापून घराची भट्टी व्हायची. मग आम्ही सगळे फरशीवर पाणी शिंपडून चित्रासमोर बसायचो. माझ्या सासूबाई पदरानं वारा घ्यायच्या आणि म्हणायच्या, “बगा गं वढ्याकडं, मेंढराकडं बगू नका, मेंढराकडं बघितलं की उकडतं.” माझा मुलगा लहान होता तेव्हा ओढ्याकडं पाय करून झोपायचा. त्याचं म्हणणं, तळव्यांना वारं लागतं. आता तो पुण्यात एसीत बसतो आणि फोन करून सांगतो की पाय गार पडलेत.

त्या चित्राशी माझी भांडणंही झालीत. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, एक दिवस सासूबाईंशी माझी जोरात जुंपली. कारण विचाराल तर आमटी. मी केलेली आमटी त्यांनी पुन्हा चुलीवर ठेवली, पुन्हा फोडणी दिली, आणि तेही पाव्हण्यांसमोर. माझं टाळकं सरकलं. पिशवी भरली, चपला घातल्या आणि कुणाला काही न सांगता तडक गाडीच्या थांब्यावर गेले. धाराशिवची गाडी उभी होती. तिथून भूमची मिळाली असती. कंडक्टर म्हणाला, “चला बाई, चढा.” मी दांडीला हात लावला आणि डोक्यात आलं, आण्णांना काय वाटेल? लोक म्हणतील, मेंदी उतरली नाही तोवर पोरगी परत आली. गाडी गेली. मी पिशवी घेऊन घरी आले आणि चित्राखाली बसून त्या मेंढ्यांना शिव्या घातल्या. म्हटलं, तुमचं बरं आहे, चरा. सासूबाईंनी पुढ्यात चहा ठेवला. साखर बरोबर होती.

आण्णांचा फोन यायचा, अजूनही येतो. पूर्वी शेजारच्या घरी यायचा, मग आमच्या घरी, आता माझ्या हातात. फोन बदलले, आण्णांचा पहिला प्रश्न बदलला नाही. “चित्र बरंय का?” मग माझे गुडघे, मग जावईबापू, मग पाऊस. मी म्हणायचे, “आण्णा, आधी पोरीचं विचारा, मग मेंढरांचं.” ते हसायचे. मला वाटायचं, म्हातारा हट्टाला पेटलाय, हंड्याऐवजी चित्र आणलं ते बरोबरच होतं हे अजून आईला पटवून देतोय.

आता मूळ कहाणीवर येते. गेल्याच्या गेल्या दिवाळीला घराला रंग द्यायचा ठरवलं. चित्र उतरवायला गेले तर फ्रेमचा खालचा भाग हातात बिस्किटासारखा चुरला. मागं भिंतीवर मातीची बोटभर रेघ. वाळवी! काचेसकट कागद उजेडात धरून बघते तर काय, टेकड्या शाबूत, ओढा शाबूत, ढगाला धक्का नाही. मेंढ्या गायब. जिथं जिथं मेंढी तिथं तिथं भोक. मेंढपाळाचा कमरेखालचा भाग गेलेला, टोपी तेवढी शिल्लक. आमच्या बेंबळीची वाळवी शाकाहारी नव्हती, एवढं त्या दिवशी सिद्ध झालं.

मी मटकन खाली बसले आणि मोठ्यानं रडले. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, धावत आले. त्यांना वाटलं शिडीवरून पडले. चित्र बघून म्हणाले, “हात्तिच्या! अगं छापील चित्र ते, दुसरं आणू.”

“आणा की. दुसरं चित्र आणा, दुसरा बापपण आणा.”

मग ते फ्रेमचा चुरा गोळा करायला लागले. कारण आण्णांनी त्याच आठवड्यात फोनवर सांगितलं होतं, उन्हाळा लागला की बेंबळीला येतो, चांगला महिनाभर ऱ्हातो. म्हाताऱ्या जिवानं इतक्या वर्षांनी लेकीच्या घरी राहायचं मनात आणलं होतं. ते दारातून आत येणार, समोरच खिळा, आणि खिळ्यावर काही नाही. त्यांनी आयुष्यात स्वतःच्या मनानं विकत घेतलेली अशी तीच एक वस्तू होती.

मोबाइलवर शोधून झालं. मेंढ्यांची चित्रं ढिगानं निघाली. पण एकात ओढा नाही, एकात दोनच मेंढ्या, एकात तर कोल्हा. धाराशिवच्या फोटोफ्रेमवाल्याकडं गेले तर तो म्हणाला, “आता हे कुणी घेत नाही मॅडम, आता सात घोडे चालतात.” मी म्हटलं, “घोडे तुमच्याच घरी बांधा.”

शेवटी आमचे हे एका सकाळी चहा पिताना म्हणाले, “मीच काढतो.”

इथं ह्यांची ओळख करून देते. जन्मभर शाळेत गणित शिकवलं. गावात गुरुजी म्हणतात. रिटायर झाल्यावर लोक गीता वाचतात, ह्यांनी रंगाच्या ट्यूबा आणल्या. तोपर्यंत त्यांनी तीन चित्रं काढली होती. तुळस, प्रेशर कुकर आणि शेजाऱ्यांची बुलेट. त्यातला कुकर चांगला आला होता, फक्त शिट्टी वाकडी.

मेंढ्या काढायला बसले. पहिली मेंढी उशीसारखी आली. दुसरीला पाय दिले तर ती पाय असलेली उशी झाली. तिसरी बघून समोरच्या घरातली लहान मुलगी म्हणाली, “आमचा टिप्या!” टिप्या म्हणजे त्यांचा केसाळ कुत्रा. ह्यांनी ब्रश खाली ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, “नमुना समोर असल्याशिवाय जमायचं नाही. ज्वारी निघाली की आपल्या रानात मेंढरं बसवू.”

आता मेंढरं बसवणं ही आमच्याकडं काही नवी गोष्ट नाही. ज्वारी काढून रान मोकळं झालं की धनगर येतात. दिवसा कळप चारायला नेतात, रात्री रानात जाळीचं कुंपण घालून आत कोंडतात. त्या जाळीला वाघर म्हणतात. रात्रभराचं लेंडी-मूत रानाला मिळतं. दुसऱ्या दिवशी वाघर पुढं सरकवायची, असं करत करत सगळं रान खतवून घ्यायचं. बदल्यात आपण त्यांना ज्वारी द्यायची, भाजी-भाकरीला विचारायचं. एवढं सगळं माहीत असलेला माणूस खतासाठी नाही, तर चित्रासाठी मेंढरं बसवणार होता. मी म्हटलं, ठीक आहे, खत तर मिळेल.

मेंढरं आली. पुढं घोडं, घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, मागं दोन कुत्री, आणि मग धुळीतून सगळा कळप. आमचे हे बांधावर स्टूल मांडून, ब्रश घेऊन, टोपी घालून तयार. कळप जवळ आला तसा ह्यांचा चेहरा उतरला.

“अगं, ही काळी आहेत.”

मला आधी समजलंच नाही. “मग कशी असणार?”

“पांढरी.”

माणसाचा जन्म बेंबळीत गेलेला. रोज शाळेला जाताना रस्त्यात कळप आडवा यायचा. थंडीत अंगावर घोंगडी घेतात ती काळी, ती काय दुधापासून विणतात? पण मेंढी आठव म्हटलं की ह्यांच्या डोळ्यांपुढं आण्णांच्या चित्रातलीच यायची. मी पोट धरून हसले. मग रात्री अंथरुणावर पडून मीच डोळे मिटून मेंढी आठवून बघितली. पांढरीच आली! म्हणून मग पुढं फार हसले नाही.

दुसरी पंचाईत दुपारची. ऊन चढलं की मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गोल उभी राहतात. सावली मिळावी म्हणून. म्हणजे चित्रकाराला दिसतात फक्त पार्श्वभाग. ह्यांनी पूर्वेकडून बघितलं, पश्चिमेकडून बघितलं, बांधावर चढून बघितलं. सगळीकडून तेच. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा कॅनव्हासवर काळी काळी ढुंगणं ओळीनं मांडलेली होती.

“हे आण्णांना दाखवणार?”

“जे दिसतं ते काढलं,” हे म्हणाले. “गणितात आणि चित्रात लबाडी चालत नाही.”

मग ह्यांना सकाळच्या उन्हाचा शोध लागला. सकाळी वाघरीतून सुटायच्या आधी मेंढरं तोंड वर करून उभी असतात आणि रानातल्या कडुलिंबाच्या फांद्यांतून ऊन पाठीवर पडतं. पण त्यासाठी वाघर लिंबाजवळच पाहिजे. ती तर रोज पुढं सरकणार. ह्यांनी कळप घेऊन आलेल्या धनगरबाईंना सांगितलं, जाळी हलवू नका, चित्र पुरं होईपर्यंत कळप इथंच बसवा.

ती बाई माझ्याच वयाची, उंच, सारखी कुणावर तरी ओरडत असलेली. तिनं कमरेवर हात ठेवून ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, “आक्का, गुरुजींना बरं न्हाय का?”

मी म्हटलं, “रिटायर झालेत.”

“आसं व्हय,” ती म्हणाली, आणि तिला सगळं कळलं.

मी ह्यांना बजावलं. “अहो, एकाच जागी एवढं खत पडलं तर पुढं पीक माजेल. नुसता पाला होईल, शेंग धरायची नाही.”

ते कॅनव्हासमधून डोकं न काढता म्हणाले, “माजू दे. आण्णा येणार आहेत.”

मी भाकरीचं फडकं झटकलं आणि घरी आले. येताना मला ह्यांचा थोडा राग आला होता आणि बराचसा नव्हता.

चित्र झालं तेव्हा कळप पुढच्या गावाला निघून गेला होता. मी बघितलं. मातकट रान, ज्वारीची धसकटं, एक लिंब, काळी मेंढरं. बरीचशी पाठमोरी. एकच मेंढी, कपाळावर पांढरा टिळा असलेली, सरळ आपल्याकडं बघणारी, जशी काही विचारतेय, काय पाहिजे? कडेला ती बाई उभी, हात वर करून कुणाला तरी झापताना. ओढा नाही, टेकडी नाही, ढगाचा पत्ता नाही.

“ह्यानं गार कसं वाटायचं हो?” मी म्हटलं. “बघूनच तहान लागते.”

“तहान लागली तर पाणी पी,” हे म्हणाले आणि चित्र खिळ्याला अडकवलं. खरं सांगते, मला ते आवडलं होतं. टिळेवाली मेंढी तर इतकी आवडली की येता-जाता मी तिला हाक मारायला लागले. पण मला आवडून काय उपयोग? ते माझ्यासाठी नव्हतंच.

उन्हाळ्यात आण्णा आले नाहीत. डॉक्टर म्हणाले, आधी मोतीबिंदू काढा. मी देवाजवळ साखर ठेवली. म्हटलं, डोळे अधू आहेत, खिळ्यावर काहीतरी चौकोनी आहे एवढं दिसलं तरी भागेल. तर ऑपरेशन इतकं झकास झालं की विचारू नका. आण्णांचा फोन आला, “बाई, आता मला भिताडावरची मुंगी दिसती! पंख्यावरची धूळ दिसती!” मागून वहिनीचा आवाज, “दिसती म्हणून दिवसभर सांगत बसत्यात!” आणि मग आण्णांचा प्रश्न, “चित्र बरंय का?”

मी म्हटलं, “आण्णा, कुकर झालाय, ठेवते.” कुकर झाला नव्हता. कुकर तर भिंतीवर होता, वाकड्या शिट्टीसकट.

आण्णा श्रावणात आले. तोपर्यंत आमच्या रानानं वेगळाच तमाशा मांडला होता. घर गावाच्या कडेला, मागं लागूनच रान. सगळीकडं सोयाबीन गुडघ्याला, आणि लिंबाजवळ, जिथं वाघर हललीच नाही, तिथं बरोबर तेवढ्या चौकोनात सोयाबीन कमरेच्या वर, काळंभोर हिरवं, दाट, आतून साप गेला तरी दिसायचा नाही असं. शेंग शोधून सापडत नव्हती. रस्त्यानं जाणारे लोक मोटरसायकल थांबवून विचारायचे, “गुरुजी, काय टाकलं हो तिथं?” हे म्हणायचे, “चित्रकला.” आणि एवढ्यावर न थांबता त्यांनी भिंतीवरचं चित्र उतरवून काळ्या मेंढरांच्या पायाखाली तो हिरवा चौकोनपण रंगवला. म्हणे, जे आहे ते आहे.

भावानं आण्णांना गाडीतून उतरवलं. काठी टेकत अंगणात उभे राहिले, मागच्या रानाकडं बघितलं आणि म्हणाले, “त्येवढ्यालाच लई माज आलाय, काय केलं?” मी म्हटलं, “आत चला आधी.”

माझा बेत ठरला होता. आण्णांना खिळ्याखालीच, भिंतीकडं पाठ करून बसवायचं. चहा पाजायचा, जेवू घालायचं, मग हळूहळू सांगायचं. सोफ्यावर उशी मांडून ठेवली होती. पण नवे डोळे मिळालेला माणूस तो, त्याला कोण आवरणार! उंबऱ्यातच थांबले आणि सरळ भिंतीकडं बघत राहिले. मी ह्यांच्याकडं बघितलं, हे पंख्याकडं बघायला लागले.

“चित्र बदललं,” आण्णा म्हणाले.

मग माझा बांध फुटला. वाळवी, दिवाळी, फ्रेमवाला, सात घोडे, सगळं एका दमात सांगून टाकलं. “आण्णा, तुम्ही दिलेलं मला सांभाळता आलं नाही,” म्हटलं आणि पदर तोंडाला लावला. आण्णांनी काही ऐकलं की नाही कोण जाणे. ते काठी टेकत चित्राजवळ गेले आणि नाक लावून बघायला लागले.

“ही तर आपल्याकडची मेंढरं,” म्हणाले. मग टिळेवालीवर बोट ठेवून, “हिचं त्वांड बराबर आलंय.” मग, “ह्या बाईला कशाचा राग आलाय?”

“माझा,” हे म्हणाले.

“आन् जावईबापू, मेंढरं गेली, मग सोयाबीन उगवलं आसंल न्हवं? एका टायमाला दोन्ही कशी?”

“चित्रात चालतं आण्णा.”

“चालतंय तर चालू द्या.”

मनात म्हटलं, सुटलो! चहा टाकायला वळले, आणि मागून आण्णांचा आवाज आला.

“घर कुठं गेलं?”

“कसलं घर?” मी विचारलं.

“त्या चित्रात लांब घर हुतं की. त्येचं दार उघडं हुतं.” त्यांनी ह्यांच्या चित्रावर, जिथं नुसतं मातकट आभाळ होतं तिथं, बोट ठेवलं. “म्हनून तर घेतलं म्या ते. मेंढराचं मला काय कौतिक? बाजारात मागच्या अंगाला खरी मेंढरं ओरडत हुती.”

आण्णा सोफ्यावर बसले, काठी दोन्ही हातांत धरली आणि जमिनीकडं बघत बोलले. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“पोरगी सासरी चालली हुती. बापाच्या तोंडानं आसं कुठं बोलाय येतं, की जमलं न्हाय तर परत ये म्हनून? लोक काय म्हनतील? तुझ्या आयनं तर मला जित्ता ठिवला नसता. म्हनलं, चित्र दिऊ. रोज बघंल. कदी काय झालं तर ध्यानात यील, दार उघडं हाय.”

मी माळ्यावरून जुनं चित्र काढलं. टाकवलं नव्हतं म्हणून ठेवलं होतं. काचेवरची धूळ पदरानं पुसली. मेंढ्यांच्या जागी भोकं, मेंढपाळाची नुसती टोपी, आणि वर लांब टेकडीवर ते घर, नखाएवढं. वाळवी तिथवर पोचलीच नव्हती. डोळ्यांजवळ धरून बघितलं. दार होतं. उघडं होतं. आतून पिवळा उजेड बाहेर पायरीवर आला होता.

किती वर्षं ते चित्र माझ्या भिंतीवर होतं! दर उन्हाळ्यात मी ओढ्याकडं बघितलं, पोरानं ओढ्याकडं पाय केले, मेंढ्यांना शिव्या दिल्या, नणंदेला बिनसाखरेचा चहा पाजला. आणि त्या दिवशी, आमटीवरून पिशवी भरून थांब्यावर गेले आणि आण्णांना काय वाटेल म्हणून दांडीवरचा हात काढला, त्या दिवशीही परत येऊन मी ह्याच घराखाली बसले होते. मान वर करून चार बोटं वर बघितलं असतं तर दिसलं असतं.

“मग सांगितलं का नाही आण्णा?” मी जवळजवळ ओरडलेच. “एकदा तरी बोलायचं!”

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना माझा प्रश्नच कळला नसावा असं.

“दर फोनला तर इचारत हुतो,” ते म्हणाले.

मग मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ चालू करून पोटभर रडले. परत आले तर बैठकीत वेगळीच गडबड. चित्र खिळ्यावरून उतरून सोफ्यावर, हे जमिनीवर मांडी घालून, ट्यूबा उघडलेल्या, आण्णा मागं काठी टेकून उभे.

“आण्णा, घर कुणाचं काढू? भूमचं का बेंबळीचं?” हे विचारत होते.

“कुनाचं बी काढा. दार तेवढं नीट काढा.”

लिंबाच्या पल्याड, आभाळाच्या कडेला, ह्यांनी चार भिंतींचं घर उभं केलं. पत्र्याचं, आपल्याकडं असतं तसं. दार काढलं, बाजूनं काळी रेघ दिली.

“उघडा,” आण्णा म्हणाले.

ह्यांनी रेघ जाड केली.

“आजून.”

ह्यांनी दार आणखी आत ढकललं, पायरीवर पिवळा रंग ठेवला. मी पुढं होऊन बघितलं आणि म्हटलं, “अहो, अजून थोडं. लांबून दिसलं पाहिजे.”

आमचे हे कंबर धरून मागं वळले. “बाप-लेक मिळून मला वेडं करणार तुम्ही. एवढं उघडं ठेवलं तर सगळी मेंढरं आत शिरतील!”

“शिरू द्या,” आण्णा म्हणाले.